गुलाबसिंगनं बुजवलेल्या फटी

मले ऊर बडवनाऱ्या बायांचा राग येते. म्हनून आधीच सांगते, त्या दिवशी मी रडली नाही, चिडली. आजही आठवलं का चिडतेच.

वाशीमच्या मोटरस्टँडामागं माहं चहा-भाकरीचं हाटेल होतं. नावाले हाटेल, बाकी चार पत्रे अन् दोन चुली. बाजूलेच कापसाच्या जिनवाल्या शेठचं गॅरेज. गुलाबसिंग त्याची मालमोटर चालवे. पोहरादेवीकडच्या तांड्यावरचा मानूस, बोलनं कमी, काम लय साफ. श्रावनाची झड लागली अन् त्याच्या खोलीची मातीची भिंत बसली. बायको कमली पयलटकरीन, दिवस भरलेले. शेठ म्हने, मोटर बाहेर ताडपत्रीखाली लाव अन् बायकोले गॅरेजमंधी ने. शेठले येवढी माया सुचली, मलेच नवल वाटलं.

पन गॅरेज म्हंजे चाळनी. मांगच्या साली मुरूम टाकून सडक वर उचलली, तवापासून ते खड्ड्यात गेलं. सडकेचं सारं पानी दाराखालून आत. पत्र्याच्या सांध्यातून, जोत्याच्या भेगांतून, जिथून बोट जाईन तिथून पानी.

गुलाबसिंग त्या फटींच्या हात धुऊन मागं लागला. डांबर पातळ केलं, गोनपाटाच्या चिंध्या त्यात भिजवल्या अन् सळईनं ठोकू ठोकू येकयेक फट भरली. बाहेरून बुडाले मातीचा बांध घातला, त्यावर डांबर. दाराखाली जुन्या टायरची पट्टी मारली, ते जमिनीले अशी घासे का दार उघडाले खांदा लावा लागे. वरतून वाऱ्याची सांध होती, तेही त्यानं भरली, कारन पाऊस तिरपा येई.

मी म्हनलं, "आता मुंगीले आत याचं असन तं तुले इचारा लागन."

तो हासला. "मुंगी आली तं येऊ दे, रंगूबाई. माह्या पोरीले पानी नाही लागलं पाह्यजे."

पोरगीच होईन, हे त्यानं आधीच ठरवून टाकलं होतं. अन् झाली पन पोरगीच. नाकडोळे सारे बापाचे. हा बाबा मोटर पुसता पुसता धा खेपा आत डोकावून येई.

तांड्यावरून त्याची माय भुरीबाई आली. तो तिले याडी म्हने. त्याहीच्यात मायले याडीच म्हनतात, म्हनून मीही तिले याडीच म्हनाले लागली. बुढीनं आख्ख्या तांड्याची बाळंतपनं केलेली. बाळंतिनीच्या बाजेखाली शेगडी पाह्यजे म्हंजे पाह्यजेच. आमच्यातही तसंच असते, शेक घेतल्याबिगर बाळंतीन उठते कुठं? पन झडीत लाकडं ओली. धूर झाला का कमलीचे डोळे गळत अन् लेकरू ठसके. कोपऱ्यात लाकडी कोळशाचं पोतं पडलं होतं. लढाईच्या सालात पेट्रोल मिळे ना, तवा मोटरीले मांगं भट्टी लावून कोळशाच्या ग्यासवर चालवत, त्यातलंच उरलेलं. याडीनं ते फोडलं.

"पाय वं रंगूबाई, ना धूर ना वास," मले म्हने. बुढी लय खुश झालती.

पयले दिवस बरे गेले. बाया येत-जात, दार सताड उघडं राहे. पाचवीच्या दिवशी मात्र पाऊस थेट दारावर येऊन राह्यलाता. याडीनं शेगडी भरली, दार घट्ट लोटलं अन् पाचवीचा सयपाक कराले माह्या चुलीवर आली. गुलाबसिंग सरकीची पोती घेऊन किन्हीराजाले गेलता.

दुपारी तो आला. मोटर लावली, दाराले खांदा दिला. मंग त्यानं मले अशी हाक मारली का माह्या हातची भाकर खाली पडली.

मी पोहोचली तवा तो कमलीले उचलून पावसात घेऊन येत होता. तिची मान लोंबून राह्यलीती, तोंड लालबुंद. "लेकरू घे," येवढंच बोलला. मी लेकरू उचललं. त्यानं शेगडी लाथेनं बाहेर फेकली अन् मोटरीच्या लोखंडी टामीनं टायरची पट्टी उखडली, पत्र्याच्या सांध्यातलं गोनपाट वरबाडून काढलं. सडकेचं पानी भसाभस आत शिरलं. पावसाचा मार बसल्यावर कमलीनं डोळे उघडले, वकली. पोरगी माह्या हातावर होती. मी तिले हालवली, पाठीवर थापट्या मारल्या, तोंडात फुकलं. पोरगी गेलती.

"ग्यास," तो मले हळूच म्हने. "भट्टीच्या मोटरीवर आमचा येक किलीनर असाच गेला. धूर नसते, मानसाले समजतच नाही. वारं आलं असतं तं वाचली असती."

तेवढ्यात याडी चुलीवरून बुढे पाय ओढत आली. तिले काय दिसलं? घोट्याइतकं पानी, ओली बाज, माह्या हातात ते लेकरू. "पानी शिरलं," ते वरडली. "थंडी भरली माह्या नातीले. काय बुजवलं रे तू गुलाब्या?"

मी तोंड उघडनार, तं त्यानं माहं मनगट धरलं.

"येक फट राह्यली, याडी," तो म्हने.

मले असा राग आला, काय सांगू. मांगून मी त्याले झापलं. "कायले आपल्या अंगावर घेतलं? बह्याड हायेस काय?"

"निखारे तिनं हातानं घातले, रंगूबाई. हे समजलं तं बुढी जगन काय?"

कमलीनं तं त्याच्याकडं पाठच फिरवली. येकडाव बोलली तेवढी. "येवढा ठोकत बसला, अन् येक फट नाही दिसली तुले." त्यानं तेही ऐकून घेतलं. झड उघडली, तरी ते त्याच्या हातचं पानी पेत नोती. माहेरी जाते म्हने, कायमची.

अन् मंग याडी तांड्यावर जाले निंगाली. तिचा धाकटा पोरगा भाऊसिंग, त्याची बायको बाळंत होनार होती. गुलाबसिंग तिले मोटरीनं सोडनार होता. याडी म्हने, "ते कोळशाचं पोतं घे बरं मोटरीत. उरलेलं हाये. तिकडंही लाकडं ओलीच असतीन."

गुलाबसिंगनं पोतं उचललं, मोटरीपर्यंत नेलं अन् तिथंच उभा राह्यला. मी चुलीजवळून पाहून राह्यलीती. माह्या ओठावर आलंतं, पन गिळलं. हे त्यानंच सांगाचं होतं.

त्यानं पोतं खाली ठेवलं. याडीले मोटरीच्या पायरीवर बसवलं, सोता जमिनीवर बसला अन् सारं सांगतलं. शेगडी, कोळसा, बंद दार, त्याचा तो किलीनर.

 याडी म्हने, "मंग पानी?"

"पानी तं म्या दार उघडल्यावर आलं, याडी. आधी येक थेंब नोता आत. जमीन कोरडी ठन्न होती."

"म्हंजे तुहं काम पक्कं होतं."

तो रडाले लागला. जवान मानूस, लेकरावानी रडला. मले वाटलं बुढी आता खाली पडते. पन ते उठली, त्याच्या डोक्यावर हात ठेवला अन् म्हने, "तू इथंच बस."

कमली आत गाठोडं बांधून राह्यलीती. याडी येकटीच तिच्याकडं गेली.