चौकीतल्या लाल देवाची साक्ष

मी कापराच्या लाकडाचा, दीड हात उंचीचा, लाल तोंडाचा आणि पोटापर्यंत दाढी असलेला देव बोलतोय. हाँगकाँगमध्ये मला न ओळखणारा माणूस सापडायचा नाही. पोलीस मला पूजतात आणि पोलीस ज्यांना पकडतात तेही मलाच पूजतात. दिलेला शब्द पाळणाऱ्यांचा मी देव, म्हणून दोघांनाही मी हवा असतो. कुणी कुणाला कसला शब्द दिलाय, ते मात्र मला कुणी सांगत बसत नाही.

मला एका म्हाताऱ्या कारागिराने कोरलं. तो कमी बोलायचा आणि सारखा खोकायचा. माझ्या भुवयांना त्याने अख्खा आठवडा लावला. पाठीत मुठीएवढा पोकळ कप्पा ठेवून त्यात पाच रंगांचे दोरे आणि चिमूटभर तांदूळ घातले, वर लाकडी झाकण बसवलं. त्याशिवाय मूर्तीत जीव येत नाही, असं आमच्याकडे मानतात. मला न्यायला तुंग-शा चौकीचे दोन पोलीस आले, तेव्हा तो त्यांना म्हणाला, "याला उन्हात ठेवू नका आणि याच्यासमोर खोटं बोलू नका. रंग उडतो."

"म्हातारबाबा, मग हा चौकीत टिकायचा नाही," एक पोलीस म्हणाला आणि तिघंही हसले.

चौकीच्या तपास खोलीत, कागदपत्रांच्या कपाटावर मला बसवलं. दोन्ही बाजूंना लाल दिवे, पुढे संत्री, सकाळी उदबत्ती. माझ्या सणाला भाजलेलं डुक्कर यायचं. मला वास मिळायचा, मांस त्यांना. माझी तक्रार नव्हती. तिथून मला सगळी खोली दिसायची, आणि खोलीत बसलेला माणूस कपाटाच्या वर सहसा बघत नाही.

मोक आणि फुंग हे दोघं एकाच दिवशी त्या खोलीत रुजू झाले. मोक धिप्पाड, बोलका, जेवणावर तुटून पडणारा. फुंग बारीक, चष्मा लावणारा, एकच गोष्ट तीनदा तपासणारा. मोक तीन महिन्यांनी मोठा, म्हणून तो फुंगकडून 'दादा' म्हणवून घ्यायचा.

"तीन महिन्यांचा दादा," फुंग म्हणायचा. "तेवढ्यात तर लोणचंही मुरत नाही."

चौथ्या महिन्यात मासळीबाजारात एका चोराने फुंगच्या मानेवर कोयता उगारला. मोकने मध्ये हात घातला. हात वाचला, पण डाव्या हाताची तीन बोटं पुन्हा कधी वळली नाहीत. दवाखान्यातून सुटल्यावर दोघं माझ्यापुढे आले. एकाच पेल्यातून तांदळाची दारू प्याले आणि भाऊ झाले. एकाचं संकट ते दुसऱ्याचं, असं दोघंही म्हणाले. अशा शपथा मी पुष्कळ ऐकल्या होत्या. ही खरी आहे, हे मला उदबत्ती संपायच्या आत कळलं.

आता पाकिटांबद्दल सांगायला हवं. त्या खोलीचा मुख्य थाम साहेब. दर शुक्रवारी दुपारी तो टेबलांमधून फिरायचा आणि प्रत्येकासमोर एक पाकीट ठेवायचा. त्याला सगळे 'चहाचे पैसे' म्हणत. ते आसपासच्या जुगाराच्या अड्ड्यांवरून यायचे. थाम फिरायला लागला की मोक उठायचा आणि मला भिंतीकडे तोंड करून ठेवायचा.

"देवाला कशाला त्रास," म्हणायचा. सगळे हसायचे.

फुंगने पाकीट घेतलं नाही, असं सांगायला मला आवडलं असतं. त्याने घेतलं. सहा वर्षं घेतलं. पहिल्या वेळी मला परत सरळ केलं, तेव्हा त्याचे कान अजून लाल होते. पुढे तेही होईनासं झालं.

अड्ड्यावर धाड घालावी लागली की आरोपी हवा असायचा. तो अड्ड्याचा मालकच पुरवायचा. बहुतेक वेळा तो पाक असायचा. पाक म्हणजे गोदीतला म्हातारा हमाल, एका डोळ्याने अधू, अफूने पोखरलेला. जुगाराचा गुन्हा कबूल करायचा, आठ-दहा दिवस आत काढायचे, बाहेर येऊन बक्षिसी घ्यायची. त्याला वाचता येत नव्हतं. मोकने लिहिलेल्या कागदावर तो अंगठा लावायचा आणि जाताना मला नमस्कार करून जायचा. सहा वर्षं हे चाललं होतं.

एका रविवारी दुपारी मोक एकटाच खोलीत आला. चेहरा उतरलेला. त्याने माझ्या पाठीचं झाकण नखाने उचकटलं, काहीतरी थंड वस्तू आत सरकवली आणि झाकण दाबून बसवलं. तांदळाशेजारी ती वस्तू दीड दिवस टिकटिकत होती. मग बंद पडली.

सोमवारी मला कळलं ते असं. गोड तोफू विकणाऱ्या छाय नावाच्या फेरीवाल्याला गल्लीत कुणीतरी बेदम मारलं होतं आणि तो जागीच गेला होता. त्याने अड्डेवाल्यांना हप्ता द्यायचं नाकारलं होतं. दुपारी थाम पाकला घेऊन आला. मोकने मला भिंतीकडे वळवलं आणि लिहायला बसला. मला दिसत नव्हतं, पण ऐकू येत होतं.

"साहेब, या वेळी किती दिवस?" पाकने विचारलं. "मागच्या वेळी दहा होते. खोलीवर मांजर आहे माझं. कुणीतरी बघायला हवं."

"तू अंगठा लाव," थाम म्हणाला. "मांजराचं आम्ही बघतो."

शेजारच्या टेबलावर फुंग बन खात होता. त्याचं चावणं थांबलेलं मी ऐकलं.

पाकला वाटलं, जुगाराचाच कागद आहे. तो खुनाचा कबुलीजबाब होता.

त्यानंतर तीन दिवस मला कुणी सरळ केलं नाही. गुरुवारी बाकीचे जेवायला गेले आणि खोलीत मोक आणि फुंग दोघंच उरले.

"छायची बायको भेटली मला," फुंग म्हणाला. "मारणारा केउंग होता. अड्ड्याच्या मालकाचा जावई."

"ती येणार आहे कोर्टात?"

"नाही येणार. दोन लेकरं आहेत तिला. पण ती म्हणते, छायच्या मुठीत केउंगचं घड्याळ होतं, पट्टा तुटलेलं. पोलीस आले आणि घड्याळ गेलं. पहिला पोलीस कोण होता, दादा?"

"बन खा. गार होतोय."

"पाक फासावर जाईल."

"फाशी देत नाहीत हल्ली. आत राहील. दोन वेळचं जेवण तरी मिळेल."

"हे तू मला सांगतोयस की स्वतःला?"

मोकची खुर्ची करकरली. "सहा वर्षं पाकीट घेतलंस तेव्हा पाक आठवला नाही तुला? मागचे दहा दिवस तो कुणासाठी आत बसला होता?"

"माझ्यासाठीही बसला होता. तेही सांगणार आहे मी."

मग मोक म्हणाला, "ही तीन बोटं बघ. का वळत नाहीत ही?"

"माझ्यामुळे."

"आजवर कधी बोलून दाखवलं?"

"आज दाखवलंस."

फुंगचा आवाज चढला नव्हता. तो पुढे म्हणाला, "त्या दिवशी तू हात घातलास, तेव्हा आपली ओळख चार महिन्यांची होती. पाक तुला सहा वर्षं ओळखतो. तुझ्या अक्षरावर डोळे मिटून अंगठा लावतो तो. मी सरकारी वकिलाकडे जातोय. घड्याळ मिळो, न मिळो. तुझं नाव येणार त्यात. मागून कळण्यापेक्षा तोंडावर सांगितलेलं बरं, म्हणून आलो."

"थाम तुला सोडणार नाही."

"माहितीय."

मोक उठला. मला वाटलं, आता हा मारामारी करणार. तो माझ्याकडे आला. दोन्ही हातांनी मला कपाटावरून उतरवलं, टेबलावर ठेवलं आणि पाठीचं झाकण काढलं. घड्याळ बाहेर आलं. मागच्या बाजूला केउंगचं नाव कोरलेलं होतं. लग्नात सासऱ्याने दिलेलं.

"समुद्रात टाक म्हणाला होता थाम," मोक म्हणाला. "धक्क्यापर्यंत गेलो. मूठ उघडेना."

"मग इथे का ठेवलंस?"

"दुसरी जागा सुचली नाही."

फुंगने चष्मा काढून पुसला. "चल माझ्याबरोबर. आत्ता."

"दोघं एकदम गायब झालो तर थामला वास लागेल. वकिलाच्या दारातच गाठतील आपल्याला. तू जा. मी त्याला जेवणावर अडकवून ठेवतो. खाण्याच्या बाबतीत माझ्यावर कुणी संशय घेत नाही."

फुंगने घड्याळ बनच्या कागदात गुंडाळलं आणि गेला. मोकने मला उचलून जागेवर ठेवलं, दाढीवरची राख पुसली आणि थाम साहेबाला मासा खाऊ घालायला निघून गेला.

पाक सुटला. केउंगला शिक्षा झाली. थामने आजारपणाची रजा काढली आणि तो परदेशी निघून गेला. त्याला कुणी परत आणू शकलं नाही. पाकिटाबद्दल फुंगने स्वतःहून सांगितलं. त्याची बढती कायमची गेली आणि गोदामाच्या दारावर पहारा त्याच्या वाट्याला आला. मोकवर खटला चालला.

त्या खटल्यात फुंग साक्षीदार होता. मोकच्या वकिलाने त्याला आधीच गाठून सांगितलं होतं, "थामने धमकी दिली म्हणून मोकने तो कागद लिहिला, एवढं म्हण. शिक्षा निम्म्यावर येईल." कोर्टात प्रश्न आला. फुंगने उत्तर दिलं, "मी खोलीत होतो. धमकी ऐकली नाही."

मोकला चार वर्षांची शिक्षा झाली. फुंग दर महिन्याला तुरुंगात भेटायला जायचा. मोक एकदाही कोठडीतून त्याला भेटायला आला नाही.

तपास खोलीत नवी माणसं आली. मी अपशकुनी आहे, असं त्यांचं ठरलं. त्यांनी मला जिन्याखाली ठेवलं. तिथे वाळवीने माझ्या डाव्या बुटाचा टाचेकडचा भाग खाल्ला. पुढे फुंगला कळलं, तेव्हा तो येऊन मला मासळीच्या टोपलीत घालून घरी घेऊन गेला. त्याच्या बायकोचं, आ-लिनचं, नूडल्सचं छोटं दुकान आहे. तिथल्या फळीवर मी गेली कित्येक वर्षं बसलोय. तोंडावर तेलाचा थर आहे, एका बुटाला टाच नाही, आणि मी मजेत आहे. देव म्हणून माझी पत या दुकानात जेवढी आहे तेवढी चौकीत कधीच नव्हती.

जोडीजोडीने येऊन शब्द देणारे मित्र इथेही भेटतात. त्यांना माझं एक सांगणं आहे. मित्रासाठी जीव द्या, हात द्या, मी साक्षीला आहे. मित्राने केलेलं पाप तिसऱ्या माणसाच्या डोक्यावर ठेवायला मात्र माझं नाव घेऊ नका. तो तिसरा माणूसही मला नमस्कार करून जात असतो, आणि त्याचा नमस्कार मी विसरत नाही.

मोक सुटून आला तो दिवस सांगायचा राहिला. दुपारची गर्दी ओसरली होती. तो दारात उभा होता, निम्म्याने वाळलेला. आ-लिनने त्याला ओळखलं नाही. फुंगने ओळखलं आणि हातातलं फडकं खाली ठेवलं.

"एक वाक्य," मोक दारातूनच म्हणाला. "धमकी होती, एवढं म्हणाला असतास तर दोन वर्षं कमी झाली असती माझी."

"धमकी होती का?"

मोकने नजर रस्त्याकडे वळवली.

"नव्हती," तो म्हणाला. "त्याने नुसतं सांगितलं आणि मी लिहिलं."

"मग?"

"मग काय. भूक लागलीय."

फुंगने खुर्ची ओढली आणि आत वळून बायकोला म्हणाला, "दोन वाडगे टाक गं. दादा आलाय."