अष्टमीची हजेरी

कोर्टाने तुरुंगाऐवजी चांगल्या वागणुकीच्या अटीवर घरी सोडलेल्यांवर दीपाली मॅडम देखरेख ठेवतात. त्यांच्या यादीत मासेमारी बोटीवरचा अरीब होता. जेटीवर मारामारी केलेला, आणि चौथीत माझ्याकडे पाढे शिकलेला. त्याचा जामीन मीच.

दर सोमवारी अकराला हजेरी, असा मॅडमचा आराखडा. अरीब दोनदा चुकला. तिसऱ्यांदा चुकला की अहवाल कोर्टात आणि अरीब आत. म्हणून मी त्याला घेऊन मॅडमसमोर बसलो.

“सांग की कारण,” मी त्याला म्हटलं.

“सर, भरती अकराला होती. पाणी सोमवार बघत नाय.”

मॅडम सोलापूरच्या. त्यांना काही उमगेना. मी त्यांच्या चहाच्या बशीत पाणी ओतलं, काड्यापेटीची होडी सोडली आणि बशी हलवत शिकवू लागलो. अमावास्या-पौर्णिमेला उधाण. पाण्याला ओढ, जाळ्यात मासा. अष्टमीच्या सुमाराला भांग, म्हणजे छोटी भरती. पाणी सुस्त, बोटी जेटीला. शिकवण्याच्या भरात उधाण थेट फायलीवर आलं.

“सर, फाइल बुडाली!” मॅडम हसत ओरडल्या. “म्हणजे अष्टमीला हा मोकळा!”

तिथल्या तिथे नवा आराखडा झाला. दोन्ही अष्टम्यांना हजेरी, मधल्या आठवड्यांत फोन.

“आणि सुट्टीच्या दिवशी अष्टमी आली तर?” मी विचारलं.

“तर मीच जेटीवर येईन.”

पहिलीच अष्टमी शनिवारी आली. सकाळी मॅडमचा फोन. “सर, बोट इथे आहे, अरीब नाही!”

गेला, पोरगा आत गेला! मी चप्पल शोधतोय तोवर दुसरा फोन.

“सर, मी नवापासून ऑफिसच्या पायरीवर बसलोय. कुलूप हाय. मॅडमच गैरहजर!”

“अरे, शनिवारी सरकारी सुट्टी!”

“शनिवारी? आमची जुम्म्याला असते. मला कोण सांगणार?”

मॅडमना फोन करून मी पायरीपाशी पोचलो तेव्हा त्या स्कूटरवरून उतरत होत्या. अरीब ताठ उभा, इस्त्रीचा शर्ट, तेल लावलेले केस.

“हजर!” तो वर्गात ओरडायचा तसा ओरडला.

मॅडमनी गुडघ्यावर वही ठेवून लिहिलं, ‘हजर.’

अरीब वहीत डोकावला. “आणि पुढे लिवा, अधिकारी उशिरा.”

“लिहिते हं!” म्हणत मॅडमनी खरंच लिहिलं, आणि आम्ही तिघं त्या कुलूपबंद दारासमोर हसत बसलो.