शांतता समितीचा जुना माइक

मी एक जुना माइक आहे. मोहने गावातल्या सुधीर मंडपवाल्यांच्या पेटीत राहतो. मित्रांनो, तुम्ही म्हणाल, हा स्वभावाने संशयी आहे. असेन. "मी दोनच शब्द बोलतो" म्हणून पाऊण-पाऊण तास मला न सोडणारी माणसं मी वीस वर्षं सोसली आहेत.

नवा होतो तेव्हा माझी जाळी ताटासारखी लखलखायची. लग्नं, बारशी, गणपती, सगळं केलं. आता जाळीला पोचा आला आहे आणि बिनतारी माइक आल्यापासून मला फक्त फुकटच्या कार्यक्रमांना नेतात.

म्हणूनच गेल्या महिन्यात शांतता समितीच्या सभेला गेलो. वर्षापूर्वी इथल्या दोन गल्ल्यांत मारामारी झाली आणि एका गल्लीतली सात घरं जळाली. ती कुटुंबं अजून विठ्ठलवाडीच्या एका गोदामात राहतात. त्यांच्यातल्या विमलाबाईंना सभेला बोलावलं होतं, तेही शाल-श्रीफळ देऊन सत्कार करायला. बोलणाऱ्यांच्या यादीत त्यांचं नाव नव्हतं. मला तिथेच काळंबेरं वाटलं.

अध्यक्ष केदारसाहेबांनी समझोता वाचला. दोन गल्ल्यांमध्ये गेट बसणार, रोज संध्याकाळी सातला कुलूप. टाळ्या झाल्या. शाल पांघरायला दोन्ही हात लागतात, म्हणून साहेबांनी मला टेबलावर ठेवलं.

विमलाबाईंनी शाल घेतली नाही. मला उचललं. खरं सांगतो, मला त्यांचाही संशय आला. आता या शिव्याशाप देणार आणि पुन्हा सगळं पेटणार, असं वाटून मी घाबरलो.

"नळ आमच्या बाजूला, संडास त्यांच्या बाजूला," त्या म्हणाल्या. "सातला कुलूप लावलंत तर रोज राडा होणार. मागच्या वेळी पण तिथूनच सुरू झालेलं. आणि आम्ही सात घरं परत कधी येणार, ते कागदात कुठेय? आम्हाला कोणी विचारलंच नाही, साहेब."

साहेबांनी आवाज बंद करायची खूण केली. आमचा ऑपरेटर प्रितम खाली वाकून उगाच वायरी चाचपत बसला. तेवढ्यात समोरच्या गल्लीतले बाबुराव उठले.

"बरोबर बोलतेय ती. सातनंतर आमच्या बायकांनी पाणी कुठून आणायचं?"

त्या दिवशी सह्या झाल्या नाहीत. पुढची सभा गोदामातच, सातही कुटुंबांसमोर घ्यायची, असं ठरलं. निदान तसं बोलले तरी.

ती सभा आज आहे. मला टेंपोत चढवलं आहे, पण टेंपो विठ्ठलवाडीच्या रस्त्याला लागेपर्यंत मी काही विश्वास ठेवणार नाही. मित्रांनो, माझी वायर नीट गुंडाळा, जाळी फडक्याने पुसा, एवढंच मी मागतो. आणि समझोत्याला टाळ्या वाजवण्याआधी विचारा, ज्यांचं घर जळलं त्यांच्या हातात माइक दिला होता का?