काळा घ्यावा की निळा

माणसाच्या तोंडात शब्द घालणं हे माझं काम होतं, आणि ज्याच्या तोंडात घालत होते त्याच्याशी माझं लग्न झालं होतं.

तो बेताचा खिसा असलेल्या लोकांना फोन निवडून द्यायचा. म्हणजे व्हिडिओत द्यायचा. मध्यम किमतीचे दोन फोन दोन हातांत घेऊन कॅमेऱ्यासमोर उभा राहायचा आणि सांगायचा, हा घ्या, तो घेऊ नका. लोक त्याला सर म्हणायचे. मी मनातल्या मनात पोपट म्हणायचे, आता उघड म्हणते. कारण फोन तपासायचे मी.

मी फोन नांदवून बघायचे. नव्या सुनेला पाहुण्यांसमोर बघून काय कळतं? घर सांभाळताना बघावं लागतं. तसे दोन्ही फोन ॲप्रनच्या दोन खिशांत घालून मी घरभर वावरायचे. मिक्सर चालू असताना पलीकडचं बोलणं ऐकू येतं का, जिन्यात कॉल टिकतो का, ओल्या हातानं फोन उघडतो का, सासूबाईंच्या औषधाच्या पाकिटावरची बारीक अक्षरं संध्याकाळच्या उजेडात फोटो काढून वाचता येतात का. महागडा फोन घेणारा फसला तर दुसरा घेतो. बेताच्या पगारातला माणूस फसला, की पुढची तीन वर्षं रोज सकाळी उठून नव्यानं फसतो. म्हणून डोळ्यांत तेल घालून बघायचे.

पोपटाचं पाठांतर मुळातच कच्चं. म्हणून त्याच्या कानात छोटा इअरबड, त्यावर केसांची बट, आणि भिंतीपलीकडच्या खोलीत मी. मी अर्धं वाक्य बोलायचे, तो ते म्हणायचा. तो म्हणत असताना मी पुढचं अर्धं द्यायचे. सुरुवातीला तो माझं बोलणं ऐकायचा, अर्थ लावायला जायचा आणि अडखळायचा. मग मीच शिकवलं, ऐकू नकोस, नुसतं म्हण. कानातून आलं की तोंडातून जाऊ दे, मध्ये डोक्यात मुक्कामाला ठेवू नकोस. हे त्याला इतकं जमलं की व्हिडिओ संपल्यावर तो मलाच विचारायचा, "कुठला चांगला म्हणालो गं मी?"

हसू नका. मीही तेव्हा हसायचे.

मग चॅनेल मोठं झालं आणि त्यात मी मावेना. भांडणं झाली, वकील झाले, मी माझ्या दोन बॅगा घेऊन निघाले. सासूबाई दारात उभ्या होत्या. एक शब्द बोलल्या नाहीत. तो राग मी वेगळा बांधून ठेवला.

त्यानंतर त्यानं एक व्हिडिओ टाकला. त्यात म्हणाला, "इतकी वर्षं एकेक फोन मी एकट्यानं तपासला. कुणाची मदत नाही, काही नाही." माझ्याशिवाय बोललेलं हे त्याचं पहिलं वाक्य, आणि तेही धडधडीत खोटं! माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. त्या दिवसापासून मला एकच गोष्ट हवी होती. पैसा नको, चॅनेल नको, तो तर नकोच नको. 'फोन मी तपासले नाहीत, हिनं तपासले,' एवढं वाक्य मला त्याच्या तोंडून हवं होतं, आणि चारचौघांत हवं होतं.

मला फोनच्या सर्व्हिस सेंटरमध्ये काउंटरवर नोकरी लागली. देवाला माझी चेष्टाच करायची असावी, कारण समोर येऊन बसणाऱ्या दर तिसऱ्या माणसाचं एकच रडगाणं. "सरांनी सांगितलं म्हणून घेतला हो." फोन सगळे मी गेल्यानंतरच्या व्हिडिओंतले. एक शिवणकाम करणारी बाई आली. फोन दुपारपर्यंत मान टाकायचा आणि गिऱ्हाइकांचे कॉल बुडायचे. "सर असं कसं सांगतील? तेच तर सगळं वापरून बघतात," असं ती मलाच पटवून देत होती. मी तिची तक्रार लिहून घेतली आणि दात इतके आवळले की कानशिलं दुखली.

आणि एक दिवस टोकन घेऊन, रांगेत बसून, नंबर आल्यावर पोपट स्वतः माझ्यासमोर आला.

"फोन बिघडलाय?" मी विचारलं.

"नाही. तुझ्याकडेच काम होतं." त्यानं आवाज खाली आणला. "एका मोठ्या दुकानाचं उद्घाटन आहे. स्टेजवर दोन फोनांची तुलना करायचीय, लाइव्ह. समोर लोक, लोकांचे प्रश्न. निळ्या फोनवाल्या कंपनीनं बोलावलंय. नीट झालं तर वर्षभराचं काम देतायत."

"मग कर की. तू तर एकट्यानं करतोस."

तो ओशाळला. तेवढं बरं वाटलं. "व्हिडिओत समोर लिहिलेलं वाचता येतं गं. प्रश्नांचं काय करू? एकदाच ये. पूर्वीसारखी कानात बोल. शेवटी स्क्रीनवर विशेष आभारांत तुझं नाव टाकतो."

विशेष आभार! मंडपवाल्याच्या आणि पाणीवाल्याच्या मधे कुठेतरी.

"दुसरा फोन कुठला?" मी विचारलं.

"काळा. थोडा स्वस्त आहे. पण निळाच जिंकला पाहिजे, एवढं बघ."

"दोन्ही फोन आठवडाभर माझ्याकडे राहतील."

"कशाला? कंपनीनं माहिती दिलीय सगळी."

"मग कंपनीलाच बसव कानात."

त्यानं दुसऱ्या दिवशी दोन्ही फोन आणून दिले. मी हो म्हणाले याचं त्याला जराही आश्चर्य वाटलं नाही. मी रागावून काही करू शकते, हे त्याच्या गावीच नव्हतं.

मी दोन्ही फोन नांदवले. निळा देखणा, हे मान्य. पडदा झगझगीत, मागे कॅमेऱ्यांची रांग, चहा होईपर्यंत निम्मा चार्ज. काळा म्हणजे एकदम सावळा, गरीब. फोटो बरे, चार्ज व्हायला वेळ घेणार. पण सकाळी भरला की निजेपर्यंत पुरायचा, उन्हात दिसायचा आणि जिन्यातसुद्धा आवाज स्वच्छ. निळ्याची गंमत तिसऱ्या कॉलला कळली. कानाला लावला की पडदा विझायला हवा, तो विझायचाच नाही. गाल टेकला की गालानंच कॉल कट व्हायचा! बहिणीशी बोलताना मी तिला इतक्या वेळा कापलं की ती म्हणाली, "ताई, रागावलीयस का माझ्यावर?"

रागावले होते, पण तिच्यावर नाही. मला माझा वचपा सापडला होता, आणि त्यासाठी खोटं बोलायचीही गरज नव्हती.

उद्घाटनाच्या दिवशी दुकानाचा वरचा मजला भरून गेला होता. खुर्च्या कमी पडून लोक भिंतींना टेकून उभे होते. एका बाजूला कंपनीचा माणूस, कोट घातलेला, हसून हसून गाल दुखत असावेत असा. मी पडद्यामागे फ्रिजच्या रिकाम्या खोक्यावर बसले आणि माझ्या फोनवरून पोपटाला कॉल लावला. पडद्याच्या फटीतून स्टेज दिसत होतं. आणि पहिल्या रांगेत, मांडीवर पर्स घट्ट धरून, सासूबाई.

त्या येणार हे मला कुणी सांगितलं नव्हतं. नंतर कळलं, त्यांचा जुना फोन फुटला होता आणि मुलगा सांगेल तो इथेच घ्यायचा असं ठरवून त्या आल्या होत्या. त्यांच्या डोळ्यांसमोर त्यांच्या मुलाची अब्रू जाणार होती. मला कीव यायला हवी होती. नाही आली. दारात गप्प उभं राहायला जमलं होतं ना, मग आता खुर्चीत गप्प बसून बघा, असंच मनात आलं.

मी सुरुवात केली. निळ्याचं कौतुक, आणि सगळं खरं. पडदा, कॅमेरा, चार्जिंग. पोपट माझ्यामागून घडाघडा म्हणत होता. लोकांना त्यांचे जुने सर परत मिळाले. टाळ्या पडल्या. कंपनीच्या माणसानं मान डोलावली.

"पण फोन म्हणजे शेवटी..." मी म्हणाले.

"पण फोन म्हणजे शेवटी..."

"...बोलायची वस्तू. आपण बोलूनच बघू."

"...बोलायची वस्तू. आपण बोलूनच बघू!"

मी त्याच्याकडून कोटवाल्याला निळ्यावरून कॉल लावून घेतला आणि फोन मोकळ्या कानाला, गालाला नीट टेकवून धरायला लावला. "हॅलो," पोपट म्हणाला. कट. लोक हसले. कोटवाला जास्तच हसला. पुन्हा लावला. "हॅलो, ऐकू येतंय..." कट. तिसऱ्यांदा मागून कुणीतरी ओरडलं, "सर, गाल काढा, गाल!" आणि अख्खा मजला हसण्यात बुडाला. कोटवाल्याचं हसू मात्र आटलं होतं.

"हे असं का होतं..." मी कानात म्हणाले.

"हे असं का होतं..."

"...मला माहीत नाही, कारण हा फोन..."

"...मला माहीत नाही, कारण हा फोन..."

"...मी आज पहिल्यांदा कानाला लावलाय."

"...मी आज पहिल्यांदा कानाला..."

तिथे तो थांबला. इतक्या वर्षांत पहिल्यांदा त्यानं माझं बोलणं ऐकलं. चेहरा पांढराफटक. हशा विरला. राहिलेला शब्द सगळ्यांनी आपापल्या मनात पुरा केला होता, ते त्यांच्या तोंडांवर दिसत होतं.

त्यानं स्वतःच्या जिवावर गाडी रेटायचा प्रयत्न केला. "म्हणजे... कॅमेरा बघा. कॅमेरा जबरदस्त आहे. एकदम... जबरदस्त."

पहिल्या रांगेत एक हात वर झाला. सासूबाईंचा.

"औषधाच्या पाकिटावरचं बारीक वाचता येतं का रे ह्याच्यात?"

हा प्रश्न माझा होता. दर फोनला मी त्यांच्याकडून पाकीट मागून घ्यायचे. उत्तर माझ्या जिभेवर होतं. मी जीभ दाताखाली धरली आणि गप्प बसले.

पोपट वाट बघत होता. लोक वाट बघत होते. त्यानं मान जराशी पडद्याकडे वळवली, ओठ न हलवता पुटपुटला, आणि त्याच्या कॉलरला लावलेल्या माइकनं ते पुटपुटणं सगळ्या स्पीकरांमधून घरंगळत बाहेर काढलं.

"बोल ना. बोल ना गं."

सगळ्या माना पडद्याकडे वळल्या. मग कुणीतरी विचारलं, "कोणाला म्हणताय, सर?"

सासूबाई उठल्या. पर्स खुर्चीवर ठेवली, गुडघ्यावर हात टेकत स्टेजच्या पायऱ्या चढल्या. लहानपणी त्याचे कान धरले असतील तशा सराईतपणे त्यांनी त्याची बट बाजूला केली, इअरबड काढला, पदरानं पुसला आणि स्वतःच्या कानात घातला.

"आई, काय करतेस?" तो कळवळून म्हणाला.

"गप रे. इतकी वर्षं भिंतीपलीकडून एकेक वाक्य दोनदा ऐकलंय मी. आधी तिच्या तोंडून, मग तुझ्या." माइक अजून चालूच होता. त्या पडद्याकडे तोंड करून म्हणाल्या, "हं, बोल गं. कुठला घेऊ?"

मला त्यांच्यावरही राग ओकायचा होता. माहीत होतं तर तेव्हा दारात का नाही बोललात? आजच बरी वाचा फुटली? शब्द ओठांपर्यंत आले होते. पण त्यांनी फोनचं विचारलं होतं, आणि फोनच्या बाबतीत मी कुणाला वाऱ्यावर सोडत नाही.

"काळा घ्या, आई," मी म्हणाले. "अक्षरं दोन्हींत वाचता येतात. पण निळ्यावर तुम्ही बोलायला गेलात की गालानं बंद पडेल. जिन्यातून फोन करता ना तुम्ही? काळ्यावर आवाज येतो."

"काळा घ्या म्हणते ती," सासूबाईंनी सगळ्यांना ऐकू जाईल असं सांगितलं. शेवटच्या रांगेत कुणीतरी वाकून शेजारच्याला विचारलं, "ती म्हणजे कोण?"

कोटवाला जिन्याकडे निघाला होता. पोपट त्याच्यामागे जाऊ पाहत होता, पण सासूबाईंनी त्याचं मनगट पकडलं.

"अजून काही सांगायचंय का तुला?" त्यांनी मला विचारलं.

होतं. एकच वाक्य. मी ते सावकाश, अर्धं-अर्धं न तोडता, एका दमात त्यांच्या कानात सांगितलं. मग त्यांनी इअरबड काढला, त्याच्या कानात परत घातला आणि म्हणाल्या, "ऐक, आणि मग म्हण."

मी पुन्हा सांगितलं. फटीतून मला त्याचा चेहरा दिसत होता. त्यानं सगळं वाक्य शेवटपर्यंत ऐकलं. आईकडे बघितलं. त्यांनी मनगट सोडलं नाही.

"फोन मी तपासले नाहीत," तो म्हणाला. "हिनं तपासले. सगळे."

'सगळे' मी सांगितलं नव्हतं. ते त्याचं स्वतःचं. माझ्याशिवाय बोललेला त्याचा पहिला खरा शब्द. मी खोक्यावर बसून तो ऐकला, आणि खोटं कशाला बोलू, फार गोड लागला.