ऐंशीच्या पुढे

धाकटीने चार्जरचा प्लग तिसऱ्यांदा उपसून काढला, हातमोजा उतरवला आणि प्लगच्या मुठीवर तळवा ठेवून पाहिला. कोमट. असायला हवा तेवढाच. लॅपटॉपवर आलेख पूर्ण झाला होता: बारा टक्क्यांपासून ऐंशीपर्यंत अडतीस मिनिटं. आधी जोरात, मग पायरीपायरीने उतरत जाणारा, पुस्तकात छापावा असा. बॅटरीतल्या पेशींमध्ये फरक जेमतेम नऊ मिलिव्होल्टचा. कुठे जास्तीची उष्णता नाही, कुठे सैल जोड नाही.

तिने उगीचच प्लग पुन्हा उचलला, पिना उजेडात धरून पाहिल्या आणि खाली ठेवला.

"झिजेल तो," पलीकडच्या गाडीखालून मास्तर म्हणाले. वर्कशॉपमधले ते सगळ्यात जुने मेकॅनिक. अर्धं आयुष्य डिझेलच्या इंजिनांत घालवून आता बॅटऱ्यांकडे वळलेले. "परक्याची गाडी असती तर परवाच 'दोष नाही' लिहून मोकळ्या झाल्या असतात. घरचा पेशंट म्हणून नाडी सोडवत नाही."

"तक्रार खरी आहे, मास्तर."

"कोणाची?"

"ताईची."

"गाडी कोण चालवतं?"

"भावोजी."

"मग ऐकीव आहे," असं म्हणून मास्तरांनी गाडीखालून पाना मागितला.

तिने पाना दिला आणि पुन्हा येऊन बसली. बसली, उठली, केबल गुंडाळली, परत सोडली.

भावोजी दर मंगळवारी आणि शुक्रवारी गावाबाहेरच्या गोदामावर जायचे. येताना हमरस्त्याच्या वळणावर चार्जरला गाडी लावायचे आणि अर्ध्या तासाच्या कामाला दीड तास लावून आठनंतर घरी पोचायचे. बॅटरी हळू भरते, एवढंच सांगायचे. चार महिने ऐकून घेतल्यावर सोमवारी ताई स्वतःच गाडी घेऊन आली होती.

"तू एवढी शिकलीस, जगाच्या गाड्या बऱ्या करतेस, घरच्या गाडीकडे बघ की जरा," ती म्हणाली होती. मग किल्ली बोटाभोवती फिरवत, हसत, "आणि काही निघालं नाही तरी सांग. गाडी धड असेल तर मला माणसाकडे बघावं लागेल."

हसणं तोंडापुरतं होतं. किल्लीच्या कडीचा वळ तिच्या बोटावर उठलेला धाकटीने पाहिला होता.

आज सकाळी पुन्हा फोन.

"काल ते गोदामातल्या कोणाच्या तरी गाडीतून आले. किती वाजता दारात, माहितेय? साडेसहा. म्हणजे गाडीच ना?"

"बघतेय गं. बाबा कसे आहेत?"

"बाबा बाबांसारखे. या आठवड्यात तीनदा कडी काढून निघाले रात्री. तुझे भावोजी आता दाराशीच गादी टाकतात. तू बॅटरीचं बोल."

धाकटी बॅटरीचं बोलली होती. ते तिला जमायचं.

"एक विचारू?" मास्तर गाडीखालून बाहेर आले, हात पुसत. "तुम्ही तिन्ही वेळा गाडी बारा टक्क्यांवर आणून मग भरलीत."

"नियमच आहे तो. रिकामी करायची, मग भरायची. नाहीतर तुलना कशी होणार?"

"नियम आपला. ते तिथे किती टक्क्यांवर लावतात गाडी?"

हे तिने विचारलंच नव्हतं. गाडीतल्या सगळ्या नोंदी तिने सोमवारीच उतरवून घेतल्या होत्या, पण त्यातला दोषांचा रकाना कोरा दिसल्यावर बाकीच्या उघडल्या नव्हत्या. हळू भरते म्हणजे रिकामी होऊन येते, हे तिने गृहीतच धरलं होतं.

तिने नोंदी उघडल्या. मंगळवार, चार्जिंग सुरू: एकोणऐंशी टक्के. शुक्रवार: ब्याऐंशी. मंगळवार: सत्त्याहत्तर. शुक्रवार: ऐंशी. चार महिने, सगळ्या अशाच.

ऐंशीच्या पुढे कुठलीही बॅटरी हळूच भरते. भांडं काठाला आलं की आपण नळ बारीक करतो, तसं गाडी स्वतःच करते. न केलं तर पेशी खराब होतात. त्यात दोष काही नाही. आणि तिथून भावोजींचं घर सहा किलोमीटरवर. एवढ्या चार्जवर ते घरी जाऊन आठवडाभर फिरले असते.

"सापडलं?" मास्तरांनी विचारलं.

"नाही," ती म्हणाली आणि लॅपटॉप बंद केला.

गुरुवारी तिने गाडी परत केली. भावोजी खाली आले. डोळ्यांखाली काळं, शर्टाचं एक बटण चुकलेलं.

"निघालं काही?" त्यांनी आरशावरची धूळ बोटाने पुसत विचारलं.

"एक चाचणी राहिलीय. नेहमीसारखी वापरा."

"नेहमीसारखी. बरं." त्यांनी किल्ली खिशात टाकली आणि ती खिशात आहे ना, हे दोनदा चाचपून पाहिलं.

त्या रात्री तिला झोप नाही. कोणाला भेटत असतील? कोणी असेल तर ताईला सांगायचं कसं, आणि नसेल तर दीड तास करतात काय? आलेख वाचता येतो, माणूस वाचायची वेळ आली की आपण केबल गुंडाळत बसतो, हे तिला अंधारात फार स्पष्ट दिसलं. पहाटे तिने ठरवलं: चाचणी राहिलीय म्हटलं ना, मग करायची.

शुक्रवारी साडेसहाला ती स्कूटरवरून वळणावर पोचली. टायरच्या दुकानामागे दोन चार्जर. एकावर 'बंद आहे' असा कागद. दुसऱ्याला भावोजींची गाडी. चार्जरच्या पडद्यावर त्र्याऐंशी टक्के आणि पुढे भरण्याच्या वेगाचा अगदी लहान आकडा. गाडीच्या काचा दोन बोटं खाली. आत एकच माणूस.

ती टायरांच्या राशीला वळसा घालून जवळ गेली. भावोजींनी सीट पार मागे पाडली होती. बूट काढून शेजारच्या सीटपुढे नीट जोडीने ठेवलेले. डोळ्यांवर घडी घातलेला रुमाल, छातीवर फोन. फोनवर गजर पावणेआठचा. तोंड किंचित उघडं. दोन्ही तळहात उताणे मांडीवर पडलेले, कोणीतरी हातातलं ओझं नुकतंच उतरवून घ्यावं तसे. ते इतके गाढ झोपले होते की तिने क्षणभर छातीवरचा फोन वरखाली होतो का ते पाहिलं.

होत होता.

बाबा ताईकडे राहायला गेले त्याला दोन वर्षं झाली. दिवसा ताई, रात्री भावोजी. आणि धाकटी रविवारी, दोन तास, फळांची पिशवी घेऊन. निघताना दर वेळी एकच वाक्य: वर्कशॉपमध्ये फार काम आहे गं.

मागे हॉर्न वाजला. पांढऱ्या गाडीतून एक माणूस उतरला, चार्जरच्या पडद्याकडे बघत आला आणि भावोजींच्या काचेवर टकटक करायला त्याने हात उचलला.

धाकटी मध्ये उभी राहिली.

"ऐंशीच्या वर गेलीय," माणूस म्हणाला. "काढायला सांगा ना. लोक ताटकळतात आणि हे साहेब शयनगृहात."

"तुमची किती आहे?"

"चाळीस. पण म्हणून काय झालं?"

"या गाडीची चाचणी चालू आहे." तिने गळ्यातलं वर्कशॉपचं ओळखपत्र पुढे केलं. "मध्येच तोडली तर पहिल्यापासून करावी लागेल. पुलापलीकडे दुसरा चार्जर आहे, तो याच्यापेक्षा जोरात चालतो."

"आणि हे झोपलेत ते?"

"तेही चाचणीतच," ती म्हणाली.

माणसाने तिच्याकडे पाहिलं, ओळखपत्राकडे पाहिलं, काहीतरी पुटपुटत गाडीत बसला. तो वळून हमरस्त्याला लागेपर्यंत ती तिथेच उभी राहिली. मग स्कूटर चालू न करता टायरच्या दुकानाच्या पुढपर्यंत ढकलत नेली.

ताईने दार उघडलं तेव्हा तिच्या हातात भाताची वाटी होती आणि खांद्यावर पंचा.

"आज? शुक्रवारी?"

"सरक," म्हणत धाकटीने वाटी घेतली.

बाबा खुर्चीत बसले होते. त्यांनी तिच्याकडे बराच वेळ पाहिलं.

"ही कोण?"

"धाकटी, बाबा," ताई म्हणाली.

"ती नव्हे. तिला वेळ नसतो. तिच्या वर्कशॉपमध्ये फार काम असतं." ते समजुतीने म्हणाले, जणू कोणी तिच्याविरुद्ध तक्रार केली होती.

धाकटीने भात कालवला. पुन्हा कालवला. मग चमचा पुढे केला आणि बाबांनी तोंड उघडलं.

"सापडलं का गं?" ताईने मागून विचारलं.

"सापडलं."

"काय होतं?"

"माझ्याकडूनच राहिलं होतं."

"म्हणजे बॅटरीतच ना? तुमच्या वर्कशॉपकडूनच?" ताईने श्वास सोडला तो धाकटीच्या मानेला लागला. "आणि हा माणूस एका शब्दाने बोलला नाही. मेहुणीचं वर्कशॉप म्हणून गप्प बसला असेल."

"मंगळवारी आणि शुक्रवारी मी येत जाईन. सहाला. रात्री राहीन."

"तू आल्याने ती गाडी लवकर भरणार आहे का?"

"भरेल."

"शहाणीच आहेस," ताई म्हणाली. ती टेकली, नुसतं पाठ टेकायला म्हणून, आणि वाटी संपायच्या आत तिची मान कोचाच्या कडेवर कलली. पंचा खांद्यावरच.

सव्वाआठला दारात किल्ली फिरली. भावोजी आत आले. गालावर सीटच्या शिवणीची रेघ उमटलेली. धाकटीला पाहून ते उंबऱ्यातच थांबले.

"आज चार्जरवर जरा..." त्यांनी सुरुवात केली.

धाकटीने ओठांवर बोट ठेवलं आणि ताईकडे खूण केली.

तिच्याकडे बघत त्यांनी किल्ली खिळ्याला अडकवली, आवाज न करता. दाराशी गुंडाळून ठेवलेल्या गादीपाशी ते सवयीने वाकले, तोवर धाकटी उठून आली होती. तिने गादी त्यांच्या हाताखालून आपल्याकडे ओढून घेतली आणि कडीखाली पसरायला लागली.