सव्वा मूठ गहू

रामदास उंबरा ओलांडून आत आला, पिशवी खुंटीला अडकवली, जोडे भिंतीशी सरळ लावले, पण नाकावरचा रुमाल काही त्याने काढला नाही. सख्ख्या दिराने घरात यावं आणि नाक झाकून बसावं, ही कुठली रीत? उषाबाईंनी पाण्याचा पेला पुढे केला. त्याने मान हलवली, पिशवीतून फिरकीचा तांब्या काढला, गावाहून आणलेलं पाणी दोन घोट प्याला आणि फिरकी पुन्हा घट्ट लावून ठेवली.

"सर्दी झाली का रे?" उषाबाईंनी विचारलं.

"सर्दी कुठली वहिनी. हा वास. तुम्हाला येत नाही?"

"येतो की. बावीस वर्षं येतो. लग्न होऊन आले तेव्हा तुमच्या गोठ्याचाही यायचा. मी पदर लावला होता का नाकाला?"

कोपऱ्यात साड्यांच्या ढिगाऱ्याआड बसून धागे कातरणारी चंचल, म्हणजे उषाबाईंची धाकटी सून, मान खाली घालून हसली. तिच्या मांडीशी चार महिन्यांचं पोर झोपलं होतं. दारासमोरच्या रस्त्यापलीकडे कापड रंगवणाऱ्या डाईंग मिलची भिंत होती, आणि भिंतीवरून वाफ अशी निघत होती की जणू आत कुणी गावजेवणाचा भात घातलाय.

रामदास पहाटेच्या पॅसेंजरने सुरतेजवळच्या उधन्याला उतरून पांडेसऱ्याच्या या गल्लीत आला होता. दिवाळीनंतर त्याच्या लेकीचं, वर्षाचं लग्न, त्याचा बस्ता बांधायला आला होता. सुरतेची साडी त्याला चालत होती, सुरतेचं पाणी तेवढं चालत नव्हतं. पण नुसत्या साड्यांसाठी कानबाईच्या सणाच्या आठवड्यात कुणी गाव सोडत नाही, हे उषाबाईंना कळत होतं. रविवारी गावच्या घरी कानबाई देवी बसायची. आज गुरुवार. उद्या तर त्यांनीच सगळ्यांना घेऊन गाडीत बसायचं होतं. मग हा उलटा इकडे कशाला आला?

जेवताना त्याने सांगितलं. भाकरीचा तुकडा हातात तसाच धरून, ताटाकडे बघत सांगितलं.

"वहिनी, यंदा रोटांना तुमच्या मुठी धरायच्या नाहीत असं ठरलंय."

उषाबाईंचा वाढता हात थांबला.

खानदेशात कानबाईचे रोट असे होत नाहीत की घेतलं पीठ आणि थापल्या पोळ्या. घरात जितके पुरुष, म्हातारा धरून कालच्या बाळापर्यंत, तितक्यांच्या नावाने सव्वा सव्वा मूठ गहू मोजायचे. नाव घ्यायचं आणि मूठ टाकायची. ते गहू निवडायचे, चक्की धुऊन घेऊन तिच्यावर दळायचे, आणि त्याच पिठाचे रोट देवीपुढे ठेवायचे. कुणाची मूठ पडली नाही म्हणजे तो घरात नाही. इतकं ते साधं आहे.

"कुणी ठरवलं?"

"सगळ्या भाऊबंदांनी मिळून. रागावू नका वहिनी. गेल्या साली तुमच्या चार मुठी. तुम्ही सोमवारी विसर्जन झालं की गाडीला पळालात. रोट बाहेरच्याला देता येत नाही, टाकता येत नाही, घरच्यांनीच संपवायचे. माझ्या सुनांनी आठ दिवस वाळलेले रोट दुधात मोडून खाल्ले. मुठी तुमच्या आणि दात आमचे."

"सुट्टी किती मिळते मिलमध्ये, ते तुला ठाऊक आहे."

"ठाऊक आहे ना. म्हणून तर. तुम्ही या, दर्शन घ्या, जेवा…"

"पाहुण्यासारखं."

रामदासने भाकरीचा तुकडा ताटात ठेवला. चंचलची कात्री मघाशीच थांबली होती.

"यंदा जिग्नेशची पहिली मूठ होती," ती हळूच म्हणाली.

"नाव तरी काय ठेवलंय," रामदासला बोलायला जागा मिळाली. "जिग्नेश! गावात कुणाला धड म्हणताही येत नाही."

"मग शीक. मी दोन इयत्ता शिकलेली बाई म्हणते, तू तर सातवी झालेला," उषाबाई म्हणाल्या. "सुरतेत प्लेग आला त्या साली आम्हाला गावात न घेता मळ्यातल्या झोपडीत ठेवलंस, बारा दिवस. मी एक अक्षर बोलले नाही. म्हटलं, भीती कुणाला चुकली नाही. पण हे भीतीचं नाही, रामदास."

"वहिनी, खोटं बोलत असेन तर सांगा," त्याने आता मान वर केली. "दरसाल ओसरीवर बसून तुम्हीच म्हणता ना? तिथं आपलं काय शे? दिवस काढायचे. नरकात राहतो म्हणून तुम्हीच म्हणता. मी कधी म्हटलं?"

उषाबाईंनी त्याच्या ताटात भाजी वाढली, नको म्हणाला तरी आणखी वाढली, आणि उठून फळीवरची भांडी नीट लावायला लागल्या. लावण्यासारखं तिथं काही नव्हतं. एक पोचे पडलेलं पातेलं, कड मोडलेली ॲल्युमिनियमची परात, कान तुटलेला कप. बावीस वर्षांत घेतलेलं प्रत्येक चांगलं भांडं त्यांनी गावी नेऊन ठेवलं होतं. पितळी परात, तांब्याचा हंडा, लेकांच्या लग्नांतले स्टीलचे डबे, सगळं गावच्या माजघरात, वर नाव घातलेलं. इथं मोडकं चालतं. इथं काय, दिवस काढायचे.

त्या पातेल्यातला पोचा त्या अंगठ्याने दाबत राहिल्या.

दुपारी रामदास बाजारात गेला. संध्याकाळी धाकटा लेक ललित मिलमधून आला तेव्हा त्याचे हात कोपरापर्यंत निळे होते. उषाबाईंनी त्याला चहाचा कप दिला आणि तो अर्धा व्हायच्या आत सांगून टाकलं.

"कानबाई इथं बसवायची."

ललितने आधी बायकोकडे पाहिलं. मग आईकडे. "इथं? आई, ज्याची देवी मांडायची तो नारळ गावी आहे. पिढ्यान् पिढ्यांचा."

"नवा आणू. तो जुना नारळ काय जुनाच जन्मला होता?"

"गल्लीतले सगळे उद्या गावी जातील. देवी न्यायला बायका कोण?"

"चंचल आहे. थोरल्या योगराजची बायको भेस्तानहून येईल. मी आहे. मी एकटी चौघींचं गाते."

"आणि विसर्जन? या खाडीत? ती आज लाल आहे, उद्या हिरवी असेल."

"खाडीत कशाला? तापी आटली का? गावच्या घाटाखालून जाते तीच पुढे इथं येते. आपण गाडीभाडं देऊन आलो, ती बिचारी चालत आली."

ललितला हसू आलं, पण त्याने ते कपात लपवलं. "काका काय म्हणतील?"

"ते मी बघते," म्हणत त्या चपला घालून बाहेर पडल्याच.

बन्सीलालची चक्की गल्लीच्या तोंडाशी होती. तोही नंदुरबारकडचाच. केसांवर, भुवयांवर पीठ. त्याने ऐकून घेतलं आणि डोकं खाजवलं.

"मावशी, कानबाईच्या दळणाला चक्की धुवावी लागते. मी तर दरसाल या दिवसांत कुलूप लावून गावी जातो."

"कशाला जातोस?"

"देवी तिकडे असते म्हणून."

"आणि ती इकडे आली तर?"

बन्सीलालने चक्कीकडे पाहिलं. उषाबाई उत्तराची वाट बघत उभ्याच राहिल्या. मागे दोन बायका दळणाचे डबे घेऊन ताटकळत होत्या. त्याही आता ऐकू लागल्या होत्या.

"उद्या दुपारी धुऊन ठेवतो," तो शेवटी म्हणाला. "पण एकट्या तुमच्यासाठी दगड धुवायचे म्हणजे…"

"एकटी कशी? या दोघी आहेत ना," उषाबाई म्हणाल्या, आणि त्या दोघींनी हो-नाही करायच्या आत त्या पुढच्या दुकानात शिरल्या होत्या.

ते भांड्यांचं दुकान होतं. त्यांनी मोठ्यातली मोठी पितळी परात काढायला लावली, बोटाने वाजवून पाहिली, दुसरी मागितली, तीही वाजवली. दुकानदाराने नाव घालायचं यंत्र सुरू केलं. सुई घरघरू लागली.

"शुं नाम?"

"सुकलाल निंबा." नवऱ्याला जाऊन सहा वर्षं झाली होती, पण भांड्यावर त्याचंच नाव पडायचं.

"गाम?"

इतकी वर्षं हा प्रश्न आला की गावचं नाव त्यांच्या तोंडून आपसूक बाहेर पडे. या वेळी त्या सुईकडे बघत राहिल्या. सुई नुसतीच घरघरत होती. दुकानदाराने मान वर केली, यंत्र थोडं उचललं.

"गाम, माजी?"

"पांडेसरा," उषाबाई म्हणाल्या. आणि त्याला ऐकू आलं नसेल असं वाटून पुन्हा, मोठ्याने, "पांडेसरा लिही."

शुक्रवारी सकाळी रामदास आंघोळ करून, बस्त्याचं गाठोडं बांधून निघायच्या तयारीत होता. त्याची गाडी नऊची. उषाबाईंनी खोलीच्या मध्यभागी पाट मांडला. समोर ती परात ठेवली, बाजूला गव्हाचा डबा उघडा करून ठेवला. ललित, योगराज आणि योगराजची दोन पोरं भिंतीला टेकून बसली होती. चंचल बाळाला घेऊन.

"बैस," त्या पाटाकडे बोट करून म्हणाल्या.

"हे काय वहिनी?"

"कानबाई बसतेय. मूठ घरातल्या थोरल्या पुरुषाने घालायची. तुझे दादा गेले. आता थोरला तू."

"इथं?" त्याने खोलीभर नजर फिरवली, जणू देवी कुठल्या कोपऱ्यात मावेल ते शोधत होता. "माझी गाडी…"

"गाडी नऊला आहे. माणसं पाच आहेत. होतं."

तो बसला तो बहुधा उभं राहणं अवघड झालं म्हणून. खाली बघताना परातीच्या काठावरची अक्षरं त्याच्या डोळ्यांसमोर आली. त्याने ती वाचली, पुन्हा वाचली.

"वहिनी, दुकानदाराने चूक केली. गाव चुकीचं घातलंय."

"त्याने काही चूक केली नाही. मीच सांगितलं."

समोरच्या मिलचा भोंगा झाला आणि विरला. रामदासने हात पुढे केला, मग मागे घेतला.

"पाणी द्या. हात धुतो."

चंचलने माठातलं पाणी तांब्याने घातलं. त्याने हात चोळून धुतले, पुसायला काही मिळेना म्हणून खिशातला रुमाल काढला, आणि तो ओला झालेला रुमाल गुडघ्यावर वाळत टाकून बसला.

"योगराज," तो म्हणाला. मूठ परातीत पडली. वर पाव मूठ. "ललित." मग योगराजचे दोघे. गव्हाचा आवाज पितळेवर आधी खणखणीत आला, मग दाणे दाण्यांवर पडू लागले तसा मऊ झाला. पाचव्या वेळी त्याचा हात डब्यातच थांबला. त्याने चंचलच्या मांडीवर पाहिलं. बाळ जागं होतं आणि त्याच्याकडेच बघत होतं, चार महिन्यांचं पोर बघतं तसं, बिनदिक्कत.

"जिग…" तो अडखळला. "जिग्नेश."

मूठ पडली. वरची पाव मूठ चांगली अर्ध्याला आली होती. उषाबाईंनी ती पाहिली आणि डबा त्याच्याकडे आणखी सरकवला.

"झालं," रामदास उठू लागला.

"झालं कसं? तू. आणि तुझे दोघे."

"आमच्या मुठी गावी पडतात ना वहिनी."

"गावच्या गावी पडू देत. माझ्या परातीत घरातला माणूस सुटत नाही."

"आणि त्याचे रोट? आमच्या वाटचे इथं खाणार कोण?"

"मी खाईन," उषाबाई म्हणाल्या. "वाळले तर दुधात मोडून खाईन. माझे दात अजून शाबूत आहेत."

तो पुन्हा पाटावर टेकला. बोटं दाण्यांत खुपसून तो काहीतरी शोधत असल्यासारखा बसला. मग त्याने दोन्ही लेकांची नावं घेतली. स्वतःचं नाव घेताना त्याचा आवाज इतका खाली गेला की फक्त मूठ पडल्याचंच कळलं.

दाराशी त्याने जोडे घातले, गाठोडं खांद्यावर घेतलं. ललित त्याला स्टेशनपर्यंत सोडायला निघाला होता, तो सायकल काढायला पुढे गेला. रामदास मात्र उंबऱ्याबाहेर उभाच.

"म्हणजे वहिनी, आता तुम्ही गावी यायच्या नाहीत."

"का नाही? येईन ना. आखाजीच्या सणाला येईन, वर्षाच्या लग्नाला चार दिवस आधी येईन. ते घर माझं नाही का? माझा हंडा आहे तिथं."

"मग हे? हे सगळं?" त्याने हाताने गल्ली, भिंत, वाफ, सगळं एकदम दाखवलं.

"हाई बी मनं शे," त्या म्हणाल्या. "ते माझं, तसं हेही."

रामदासने गाठोडं एका खांद्यावरून दुसऱ्यावर घेतलं. भाऊबंदांना काय सांगायचं, हे तो वाटेतच जुळवत बसणार हे त्याच्या तोंडावर दिसत होतं. उषाबाईंनी पुढे होऊन त्याच्या सदऱ्याला चिकटलेला गव्हाचा कोंडा झटकला, धाकट्या दिराला नवी आलेली वहिनी झटकायची तसा.

"माझा तुझ्यावर राग नाही, रामदास," त्या म्हणाल्या. "तुझ्या वाट्याला एकच गाव आलं. त्याला तू तरी काय करशील, भाऊ?"