हाय आणि नाय : एका पट्ट्याची जबानी

मी एक पट्टा आहे. नाशिकच्या न्यायालयातील मुद्देमालाच्या खोलीतून बोलतो आहे. माझ्या गळ्यात सुतळीने बांधलेले एक लेबल आहे. त्यावरील शाई आता उडाली आहे, लाखेचे सील मात्र शाबूत आहे. न्यायालयात वावरल्याने मला एक सवय लागली आहे. पाहिलेले पाहिले म्हणून सांगतो, ऐकलेले ऐकले म्हणून. माझे बोलणे कोणाला कोरडे वाटले, तर त्याचे कारण ही सवय आहे.

माझा जन्म रबर आणि कॅनव्हासचा. कॅनव्हासचे तीन पदर आणि त्यांवर दोन्ही अंगांनी काळे रबर, असे माझे शरीर. सातपूरच्या औद्योगिक वसाहतीत एक ओतकाम कारखाना होता. तेथे साच्यांची वाळू एका टोकाकडून दुसऱ्या टोकाकडे वाहून नेणे हे माझे काम. तेव्हा मी चांगला साठ फूट लांब होतो. रुळांवरून दिवसभर फिरायचे, पाठीवर ऊन ऊन वाळू घ्यायची आणि पलीकडे नेऊन टाकायची. काम कष्टाचे होते, पण त्यात कमीपणा नव्हता.

माझी देखभाल सहादू नावाचा एक फिटर करीत असे. सहादू सातपूर गावातील बौद्ध वस्तीत राहणारा, बोलायला मोजका. १९७६ च्या सुमारास मी मधोमध फाटलो, तेव्हा त्यानेच मला जोडले. इतर फिटर पट्टा सरळ कापून तांब्याचे रिव्हेट एका ओळीत ठोकत. सहादूने मला तिरके कापले आणि रिव्हेट नागमोडी बसवले : एक वर, एक खाली, पुन्हा एक वर. सुपरवायझरने विचारले, हे काय नक्षीकाम चालले आहे? त्यावर सहादू म्हणाला, एका ओळीत ठोकले की सगळा ताण एकाच ओळीवर येतो आणि पट्टा तिथेच फाटतो. ताण वाटून दिला की कोणीच फाटत नाही.

त्यानंतर दोन वर्षे मी वाळू वाहिली. बाकी ठिकाणी झिजलो, सांधा मात्र हलला नाही.

१९७८ मध्ये मला उतरवले गेले. जुन्या पट्ट्याला गिऱ्हाईक पुष्कळ असते. कोणी दारात पायपुसणे म्हणून टाकतो, कोणी टेम्पोच्या चाकामागे लावतो. माझा अडीच फुटांचा तुकडा कारखान्याच्या स्टोअरकीपरने ओळखीच्या एका पोलीस ठाण्याला भेट दिला. त्या ठाण्याचे नाव मी सांगणार नाही. ते नाव सांगितले, तर दुसऱ्या ठाण्यांत असे काही घडत नव्हते असा अर्थ कोणी काढील, आणि तसे म्हणायला माझ्याजवळ पुरावा नाही. एवढे सांगतो की त्या तुकड्याच्या एका टोकाला सहादूचा सांधा होता. तांब्यामुळे ते टोक जड होते, आणि त्या जडपणासाठीच मला निवडले होते.

ठाण्यात मला नाव मिळाले. तेथे मला ‘मास्तर’ म्हणत. ‘मास्तरांना बोलवा’ असे फौजदारसाहेब म्हणाले की एक शिपाई मला कोठडीजवळच्या खिळ्यावरून काढून आणी. खोटे कशाला सांगू? सुरुवातीला मला त्या नावाचा अभिमान वाटला. कारखान्यात मला नाव नव्हते. येथे माणसे माझ्याकडे पाहताच गप्प होत किंवा बोलू लागत, आणि मी त्याला आदर समजत होतो. वाळू आणि माणसाची पाठ यांतला फरक कळायला मला वेळ लागला. वाळू ओरडत नाही.

बहुतेक सारे दुपारी घडे. साहेबांचे जेवण झालेले असे, पंखा फिरत असे, शेजारच्या खोलीत कारकून टंकलेखन करीत असे. एखाद्या किंकाळीने त्याची बोटे थांबल्याचे मी पाहिले नाही. कोठडीच्या पहाऱ्यावर बहुधा गोरक्ष हवालदार असत. निवृत्तीला आलेले, पान खाणारे गृहस्थ. मला कोणी खिळ्यावरून काढले की ते अंगणातल्या नळावर तोंड धुवायला जात. त्यांनी मला कधी हातात घेतले नाही, आणि कधी कोणाला अडवलेही नाही. दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत.

१९७९ च्या जानेवारीत सहादूला तेथे आणले. कारखान्याच्या स्टोअरमधून यंत्रात बसवायच्या पितळी बुशांची एक पेटी नाहीशी झाली होती. त्या दिवशी दुरुस्तीसाठी स्टोअरमध्ये गेलेला माणूस सहादू, म्हणून संशय त्याच्यावर. कागदावर त्याची अटक गुरुवारची आहे. मी त्याला मंगळवारी पाहिले.

फौजदारसाहेबांचा प्रश्न एकच होता.

“पेटी तू नेली हाय का नाय?” सहादूच्या बोलीची नक्कल करीत ते विचारत.

“नाय,” सहादू म्हणे.

मग माझे काम सुरू होई. फटके मी मोजले नाहीत. बुधवारी दुपारी मारणाऱ्या शिपायाचा हात घामाने निसटला आणि मी फरशीवर सहादूच्या तोंडापुढे पडलो. त्याने डोळे उघडले. तांब्याच्या रिव्हेटांकडे, तिरक्या कापाकडे तो बराच वेळ पाहत राहिला. आपल्या हातचे काम कारागीर विसरत नाही.

“हा सांधा माझा हाय,” तो हळूच म्हणाला.

साहेब हसले. “मग खा तुझ्याच हातचं,” असे म्हणून त्यांनी शिपायाला मला उचलायला सांगितले.

त्या दिवशी पहिल्यांदा मला वाटले की माझा सांधा सुटावा, रिव्हेट गळून पडावेत. पण सहादूचे काम पक्के होते. काही सुटले नाही. सहादूही सुटला नाही. प्रत्येक वेळी त्याचे उत्तर तेच होते. हे मी कौतुकाने सांगतो, आणि ज्यांची उत्तरे माझ्यामुळे बदलली त्यांना दोष देत नाही. त्यांपैकी कितीजण खरे बोलले आणि कितीजण केवळ मी थांबावे म्हणून बोलले, हे मला ठाऊक नाही. मला वापरणाऱ्यांनाही ठाऊक नव्हते.

शुक्रवारी त्याला न्यायालयात उभे करायचे होते. मॅजिस्ट्रेटसाहेब अशा वेळी आरोपीला विचारतात, पोलिसांविरुद्ध काही तक्रार आहे का? आरोपी बहुधा ‘नाही’ म्हणतो, आणि त्याने तसे म्हणावे याची तजवीज आदल्या दिवशी होते. सहादूला सांगण्यात आले, ‘नाय’ म्हणालास तर आठवड्यात जामीन. नाहीतर आणखी दोन चोऱ्या तुझ्या नावावर लागतील आणि कारखान्याचे फाटक पुन्हा दिसणार नाही. तो बधेना, तेव्हा त्याची बायको लताबाई हिला बोलावले. ती दोन दिवस भाकरी घेऊन ठाण्याबाहेरच्या कडुनिंबाखाली बसून होती.

गोरक्ष हवालदारांनी तिला गजांपाशी आणले. मी शेजारच्याच खिळ्यावर होतो, म्हणून पुढचे बोलणे मी स्वतः ऐकलेले आहे.

“बाई, नवऱ्याला समजाव,” हवालदार म्हणाले. “एक अक्षर बोलायचं आहे. ‘नाय’. तेवढ्यावर घरी येईल.”

लताबाईने गजांतून भाकरी दिली. नवऱ्याचा हात भाकरी धरू शकत नाही हे पाहून तिने घास मोडून दिला. मग ती म्हणाली, “अवो, दर पुनवेला विहारात ‘मुसावादा’ म्हणताय. खोटं बोलणार नाय म्हणताय. ते काय निस्तं विहारापुरतं हाय?”

“नोकरी जाईल,” सहादू म्हणाला.

“जाऊ द्या. मी द्राक्षाच्या बागंत जाईन पिंपळगावला. तुमाला खरं वाटंल ते बोला. यायला उशीर झाला तरी चालंल.”

गोरक्ष हवालदार तोंड धुवायला नळावर गेले. त्या वेळी मला कोणीही खिळ्यावरून काढलेले नव्हते.

शुक्रवारी न्यायालयात काय घडले ते मी पाहिले नाही. सहादूला घेऊन गेलेले दोन शिपाई परत येऊन साहेबांना जे सांगत होते ते ऐकले, आणि पुढे साक्षीच्या वेळी तेच पुन्हा ऐकले. दोन्हींत फरक नव्हता, म्हणून ते खरे मानतो.

सहादूला नीट उभे राहता येत नव्हते. मॅजिस्ट्रेटसाहेबांनी विचारले, “पोलिसांविरुद्ध काही तक्रार आहे का?”

सहादू म्हणाला, “हाय.”

समोर बसलेले कारकून शहरात वाढलेले. त्यांनी सवयीने ‘तक्रार नाही’ असे आधीच लिहून ठेवले होते. त्यांना वाटले, माणूस कण्हला. मॅजिस्ट्रेटसाहेबांनाही तसेच वाटले. ते म्हणाले, “त्याला पाणी द्या आधी.” पाणी आणले गेले. येथे गोष्ट संपू शकत होती. आरोपी कण्हला, पाणी दिले, तक्रार नाही. पण सहादूचे पाणी पिऊन होईपर्यंत साहेब थांबले, आणि त्यांनी तोच प्रश्न दुसऱ्यांदा विचारला.

“कण्हत नव्हतो साहेब,” सहादू म्हणाला. “तक्रार हाय.”

ठाण्यात त्याला ‘हाय’ म्हणायला लावत होते, तेव्हा तो ‘नाय’ म्हणाला. न्यायालयात ‘नाय’ म्हणायला सांगितले होते, तेव्हा तो ‘हाय’ म्हणाला. एका अक्षराचा फरक आहे. पण ते अक्षर योग्य जागी ठेवायला काय लागते, हे मला विचारा. ते माझ्याविरुद्धच ठेवायचे होते.

साहेबांनी त्याला सदरा काढायला सांगितले आणि लगेच सरकारी रुग्णालयात पाठवले. तेथील डॉक्टरांनी पाठीवरील वळांचे वर्णन लिहिले. एक खूण शब्दांत नीट सांगता येईना, म्हणून मोजून कागदावर तिची तेवढ्याच मापाची आकृती काढली : एक ठिपका वर, एक खाली, पुन्हा एक वर.

त्याच संध्याकाळी फौजदारसाहेबांनी मला वर्तमानपत्रात गुंडाळून गोरक्ष हवालदारांच्या हाती दिले. “गंगेत टाकून या,” एवढेच म्हणाले. नाशिककर गोदावरीला गंगा म्हणतात. हवालदार मला पिशवीत घालून रामकुंडावर गेले. तेथे बराच वेळ पायरीवर बसले. मग उठले आणि पिशवीसकट आपल्या घरी परतले.

असे त्यांनी का केले, ते मला त्यांच्याच तोंडून कळले. आठ दिवसांनी मॅजिस्ट्रेटसाहेबांनी चौकशी सुरू केली. पहाऱ्यावर कोण होते असे विचारले, तेव्हा हवालदारांनी मला टेबलावर ठेवले.

“साहेब, टाकायला गेलो होतो,” ते म्हणाले. “तिथं एक जण आईच्या अस्थी सोडत होता. लोक जिथं आईबाप सोडतात तिथं मला हे सोडवेना.” मग म्हणाले, “इतकी वर्षं मी तोंड धूत होतो साहेब. ते पण लिहून घ्या.”

ते वाक्य लिहून घेतले गेले. पुढे हवालदारांची दूर डोंगरातल्या सुरगाण्याकडे बदली झाली आणि निवृत्तीपर्यंत ते तिकडेच राहिले.

फौजदारसाहेब आणि मारणारा शिपाई यांच्यावरचा खटला १९८२ मध्ये उभा राहिला. त्याआधीच, म्हणजे सहादूच्या अटकेनंतर महिनाभरात, पितळी बुशांची ती पेटी कारखान्याच्या दुसऱ्या शेडमध्ये सापडली होती. चोरी झालीच नव्हती. पेटी चुकीच्या शेडमध्ये उतरवली गेली होती. हे सांगताना मला एक सावधगिरी बाळगावीशी वाटते. पेटी सापडली नसती, किंबहुना ती खरोखर सहादूनेच नेली असती, तरी मला खिळ्यावरून काढण्याचा अधिकार कोणाला मिळत नव्हता. निरपराध माणसाला मारले म्हणून लोक हळहळले. अपराधी असता तर किती जण हळहळले असते, हा प्रश्न मी आपल्यापुढे ठेवतो.

सहादूची नोकरी गेली होती. पेटी सापडल्यावरही नोकरी परत मिळाली नाही. तो लासलगावच्या बाजारात ट्रॅक्टर-ट्रॉल्यांची दुरुस्ती करू लागला होता. लताबाई बोलल्याप्रमाणे द्राक्षबागेत जात होती. साक्षीच्या दिवशी दोघे आले. बचावाच्या वकिलांनी मला उचलून सहादूपुढे धरले आणि विचारले, नाशकात असे शेकडो पट्टे असतील, हाच कशावरून?

“पट्टे शेकडो असतील. सांधा एकच हाय,” सहादू म्हणाला.

“म्हणजे हा पट्टा तुमचा, असे म्हणायचे का तुम्हाला?”

सहादूने मला हातात घेतले. इतक्या वर्षांनी मला त्याचा हात लागला. “सांधा माझा, साहेब,” तो म्हणाला. “मार यांचा.”

डॉक्टरांची आकृती टेबलावर पसरली, आणि मला तिच्यावर ठेवले. ठिपक्यांवर रिव्हेट बसले. माझ्या आयुष्यात मी पुष्कळांना बोलायला लावले होते. स्वतः बोललो तो त्या दिवशी, आणि एक शब्दही न उच्चारता.

फौजदारसाहेबांना आणि त्या शिपायाला शिक्षा झाली. अपिलात ती कमी झाली. कमी झाली हे मी लपवत नाही, आणि कायम राहिली हेही विसरत नाही.

आता १९८६ साल संपत आले आहे. अपिलाचे काम मिटले, म्हणून माझ्याविषयी आदेश निघाला आहे : मुद्देमाल निरुपयोगी, नष्ट करावा. येत्या सोमवारी मला जाळतील. परवा सहादू खटल्याच्या कागदांच्या काही नकला घ्यायला येथे आला होता. कारकुनांनी त्याला विचारले, अर्ज केला तर हा पट्टा नेता येईल, नेतोस का? त्याने नको म्हणून मान हलवली. पण जाण्यापूर्वी सांध्यावरून अंगठा फिरवला, एकेक रिव्हेट चाचपला, आणि कारागिराच्या आवाजात म्हणाला, “अजून सुटला नाय.”

मला जाळण्याबद्दल माझी तक्रार नाही. हे उत्तर कोणी माझ्याकडून आदल्या दिवशी घोकून घेतलेले नाही. ज्या माणसाचे मी सर्वाधिक नुकसान केले, त्याच्याच हाताने मला भार वाटून घ्यायला शिकवले होते, एवढे आठवत मी जाईन.

आपणांपैकी कोणी उद्या टेबलामागे बसेल. समोर थकलेला माणूस उभा असेल, आणि त्याचे उत्तर कागदावर आधीच लिहिलेले असेल. तेव्हा त्याला आधी पाणी द्या. मग प्रश्न पुन्हा एकदा विचारा.